बरं वाटलं तेव्हाचंही सांगा

नैराश्याच्या गोळ्या सुरू करायचा निर्णय अनेक घरांत चार जण मिळून घेतात. त्या बंद मात्र माणूस एकटाच करतो, तेही गुपचूप. कारणं साधी असतात. आता बरं वाटतंय, मग कशाला? सवय लागली तर? वजन वाढलं, शरीरसंबंधाची इच्छा उरली नाही, आणि शेजारी सासूबाई बसलेल्या असताना हे डॉक्टरांना सांगायचं कसं? कुणाचं लग्न ठरतं आणि गोळ्यांची पाकिटं कपाटातून नाहीशी होतात. मग कधी तीन दिवसांत, कधी तीन महिन्यांत काहीतरी बिघडतं. पुन्हा डॉक्टरांकडे जावं असं वाटतं, पण पाऊल उचलत नाही. पहिल्यांदा जाताना लाज होती, आता तिच्या जोडीला अपराधीपणाही आलेला असतो. या दुसऱ्यांदा मदत मागण्याबद्दल आपण फार कमी बोलतो, आणि खरी निदानाची वेळ बरेचदा हीच असते.

गोळ्या थांबवल्यावर जे बिघडतं, ते एकाच प्रकारचं नसतं. पहिली शक्यता औषध सुटल्याच्या त्रासाची. चक्कर, मळमळ, भडक स्वप्नं, विनाकारण चिडचिड, आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी विचित्र संवेदना. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिनसारखी औषधं शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे त्यांचा त्रास काही दिवसांतच सुरू होतो. फ्लुओक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, म्हणून ते सुटताना तुलनेने कमी जाणवतं. हा त्रास सौम्य असतो आणि एक-दोन आठवड्यांत जातो, असं पूर्वी सरसकट सांगितलं जाई. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सने 2019 मध्ये आपली भूमिका बदलली आणि काही जणांना तो तीव्र होतो, लांबतोही, हे मान्य केलं. डोस हळूहळू, आणि शेवटी शेवटी तर अगदी बारीक टप्प्यांनी उतरवायचा, हा सल्ला आता त्यामुळेच दिला जातो.

दुसरी शक्यता मूळ आजार परतण्याची. ब्रिटनमध्येच दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या आणि त्या सोडण्याइतपत बरं वाटणाऱ्या रुग्णांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात, औषध उतरवलेल्यांपैकी 56 टक्के लोकांचं नैराश्य परतलं. चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्के लोकांचं. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. गोळ्या सोडून वर्षभर नीट राहिलेले लोक थोडे नाहीत, आणि गोळ्या घेत असूनही घसरलेले लोकही थोडे नाहीत. त्यामुळे ‘सोडल्यास, भोग आता’ असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच पोचत नाही.

तिसऱ्या शक्यतेकडे सर्वांत कमी लक्ष जातं. आजार मुळात नुसत्या नैराश्याचा नसेलच तर? बायपोलर म्हणजे द्विध्रुवी विकारात पुष्कळदा आधी नैराश्याचेच झटके येतात, कधी वर्षानुवर्षं. माणूस नैराश्यात असताना डॉक्टरांकडे जातो, उत्साहात असताना कशाला जाईल? चार-पाच तास झोपूनही थकवा नाही, बोलण्याचा वेग वाढलेला, डोक्यात एकामागून एक बेत, न परवडणारी खरेदी, रात्री दोनला मित्रांना फोन. घरचे म्हणतात, चला, आली एकदाची पूर्वीसारखी. सौम्य उन्मादाची ही अवस्था सलग चार दिवस टिकली तर निदानाच्या निकषांत तिची दखल घेतली जाते. पण दवाखान्यात या दिवसांचा उल्लेखच होत नाही, कारण त्यांना दुखणं म्हणावं असं कुणालाच वाटलेलं नसतं. आणि नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर बायपोलर असलेल्या काहींची मनःस्थिती उन्मादाकडे ढकलली जाऊ शकते. गोळ्या एकदम थांबवल्यावरही उन्माद उसळल्याच्या नोंदी आहेत.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण उपचारच बदलतो. लिथियमचा उन्मादावरचा उपयोग ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी 1949 मध्ये मांडला. आजही ते बायपोलरवरचं महत्त्वाचं औषध आहे, मात्र रक्तातलं प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉईड यांवर नजर ठेवून द्यावं लागतं. जी बाई पाच वर्षं एकामागून एक नैराश्याच्या गोळ्या बदलत राहते आणि ‘मला काहीच लागू पडत नाही’ असं मानून बसते, तिच्यासाठी हे निदान शिक्का नसतं. दार उघडल्यासारखं असतं.

या तीन शक्यता एकमेकींपासून वेगळ्या काढणारी रक्ततपासणी नाही. थायरॉईड तपासून एक शंका दूर करता येते, इतकंच. बाकी सगळं काळाच्या क्रमावर. गोळी कोणत्या तारखेला बंद केली, एकदम की हळूहळू, पहिला बदल किती दिवसांनी, तो शरीरात आधी जाणवला की मनात? त्याआधीच्या आयुष्यात, गोळ्या सुरू होण्यापूर्वीही, कधी असे विलक्षण तेजीचे दिवस येऊन गेले होते का? घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? ‘काका मधूनच घर सोडून जायचे’ हे वाक्य आपण कौटुंबिक किस्सा म्हणून सांगतो. मनोविकारतज्ज्ञाला ते ऐकायला हवं. तेजीतल्या माणसाला स्वतःची तेजी दिसत नाही, म्हणून त्याच्या संमतीने आई, नवरा, बहीण किंवा खोलीतला मित्र बरोबर असावा. पण काही वेळ डॉक्टरांशी एकट्यानेही बोलायला मिळायला हवं, आणि ते रुग्णाने मागावं.

आता डॉक्टरांविषयी. गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाला मोजकी मिनिटं मिळतात, हे खरं आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, 2015-16 मध्ये, वेगवेगळ्या मनोविकारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नसल्याचं दिसलं. एवढ्या तुटवड्यातही एक गोष्ट फुकट देता येते: गोळ्या स्वतःहून सोडणाऱ्याला न रागावणं. रागावलं की तो पुढच्या वेळी खोटं सांगतो, ‘घेतोय’ म्हणतो, आणि निदानाचा सगळा आधारच निखळतो. माझ्या मते हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही, वैद्यकीय चूक आहे.

तुम्ही गोळ्या बंद केल्या असतील आणि आता काही बिघडल्यासारखं वाटत असेल, तर उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. त्याआधी डॉक्टरांना फोन करा, तारखा कागदावर लिहा, आणि त्या कागदावर वाईट दिवसांबरोबर जरा जास्तच चांगले गेलेले दिवसही नोंदवा. झोप पार उडाली असेल, किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता आजच जवळच्या रुग्णालयात जा. सोबत कुणाला तरी घ्या. टेली मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.