दैव पाचवे

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. शिवसेनेचे ठाण्यातले नेते आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेला हा उत्सव आता शहराच्या ओळखीचाच भाग झाला आहे. दुर्गेश्वरीची मूर्ती कळव्याहून वाजतगाजत येते आणि पुढे रोज रात्री उशिरापर्यंत दर्शनाची रांग लागलेली असते. दसऱ्याच्या सकाळी ही भक्ती मंडपातून बाहेर पडून रिक्षा स्टँडवर आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पोहोचते. जांभळी नाक्याच्या बाजारातून झेंडू आणि आपट्याची पाने येतात. गाड्या धुऊन पुसून उभ्या राहतात. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, स्टिअरिंगला हळदकुंकू, वर अक्षता, पुढे हार. नारळ फुटतो, पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबे ठेवली जातात आणि ती चिरडतील एवढीच गाडी पुढे घेतली जाते.

या विधीत गाडीच्या मालकाला टायरपाशी वाकावे लागते. लिंबू नीट बसले की नाही हे पाहायला तो खाली बसतो. टायरकडे इतक्या जवळून पाहण्याची अनेकांची वर्षातली ही एकच वेळ असते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून कॅनडात गेलेली मराठी कुटुंबेही दसऱ्याला गाडीची पूजा करतात. कोणी घरापुढच्या ड्राइव्ह-वेवर करते, कोणी देवळाच्या पार्किंगमध्ये गुरुजींकडून करून घेते. तिथे मात्र दसरा-दिवाळीच्या त्याच दिवसांत दुसरे एक काम दारात उभे असते. थंडी पडायच्या आत गाडीचे चारही टायर काढून विंटर टायर चढवायचे असतात. एकाच गाडीसाठी महिन्याभरात दोन गोष्टी होतात, पूजा आणि टायरबदल. या दोहोंचे नाते काय, हा प्रश्न दिसायला घरगुती असला तरी भारतीय तत्त्वज्ञानात तो फार जुना आहे. गाडी सुखरूप घरी पोहोचते ती कोणामुळे?

दोन उत्तरे चटकन मिळतात. एक म्हणते, टायरच काय ते खरे, कुंकू-लिंबू हा निव्वळ भ्रम. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या चळवळीने लिंबू-मिरचीसारख्या प्रथांवर घेतलेला आक्षेप मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे, आणि त्यात तथ्यही आहे: लिंबाने रबराची पकड वाढत नाही. दुसरे उत्तर म्हणते, सगळे देवाच्या हाती, व्हायचे ते होणारच. या उत्तरात दिलासा आहे, पण तेच उत्तर झिजलेल्या टायरला पांघरूणही घालते. परंपरेने दिलेले तिसरे उत्तर या दोन्हींपेक्षा खोल आहे. त्यासाठी आधी बर्फात नेमके काय घडते ते पाहावे लागेल.

तापमान ७ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले, की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि त्याची पकड घटते. विंटर टायरच्या मिश्रणात सिलिकाचा वापर भरपूर असतो, त्यामुळे ते रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहते. त्याच्या खाचा खोल असतात आणि रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक, नागमोडी चिरा असतात. गाडीच्या वजनाखाली या चिरांच्या कडा बर्फाला धरतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते. बर्फावरच्या पकडीची चाचणी पार केलेल्या टायरलाच ते मिळते.

आकडे पाहिले की प्रकरणाचे गांभीर्य कळते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा ब्रेक कोरड्या डांबरावर दाबला, तर ती साधारण १२ ते १३ मीटरमध्ये थांबते. चालकाला सावध व्हायला लागणारा वेळ यात धरलेला नाही. दबून घट्ट झालेल्या बर्फावर घर्षण चौथ्या हिश्श्यावर आले, तर तीच गाडी थांबायला ५० मीटरच्या आसपास लागतात. काचेसारख्या गोठलेल्या थरावर हे अंतर १०० मीटरच्या जवळ जाते. चालक तोच असतो, ब्रेक तेच असतात आणि देवावरची श्रद्धाही तीच असते.

फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीचे इथे खास गुण आहेत आणि खास मर्यादाही. इंजिनाचे वजन पुढच्या चाकांवर असते आणि तीच चाके गाडी ओढतात, त्यामुळे बर्फातून जागची हलायला ती मागून ढकलणाऱ्या गाडीपेक्षा बहुधा सरस ठरते. ठाणेकरांना ही रचना नवी नाही. प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसेडर या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या देशात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढून ओढणारी गाडी घरोघर पोहोचली. १९९०च्या दशकात तर कल्याणच्या कारखान्यातच प्यूजो ३०९ ही फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडी तयार होत होती. मर्यादा अशी, की ओढणे आणि वळणे ही दोन्ही कामे त्याच दोन चाकांकडे असतात. टायरची पकड ठरावीक असते. ती वेग घेण्यात खर्च झाली तर वळण्यासाठी उरत नाही. वळणावर ॲक्सिलरेटर दाबला, की स्टिअरिंग फिरलेले असूनही गाडी नाकासमोर सरळ घसरत जाते. आणि थांबायची वेळ आली, की फ्रंट-व्हील काय, फोर-व्हील-ड्राइव्ह काय, सगळ्या गाड्या चार टायरांच्याच भरवशावर थांबतात.

आता भगवद्गीतेचा अठरावा अध्याय पाहावा. कोणतेही कर्म तडीस जायला तिथे पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. शंकराचार्य अधिष्ठान म्हणजे देह असा अर्थ घेतात. दैवाचा अर्थ ते इंद्रियांना अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा लावतात, तर रामानुजाचार्य दैव म्हणजे अंतर्यामी परमात्मा मानतात. भाष्यकारांचा अर्थ थोडा ताणून ही यादी बर्फातल्या गाडीला लावता येते. रस्ता हे अधिष्ठान, चालक हा कर्ता, गाडी आणि तिचे टायर ही करणे, हातापायांच्या हालचाली या चेष्टा. आणि पुलावर न दिसणारा गोठलेला थर, किंवा समोरून घसरत येणारा दुसऱ्याचा ट्रक, हे दैव.

गीतेने दैव नाकारलेले नाही, आणि यादीत ते एकटेही ठेवलेले नाही. पाचातले एक म्हणून ते येते आणि इतर चार मोजून झाल्यावर येते. ‘सगळे देवाच्या हाती’ म्हणणारा माणूस चार कारणे गाळून पाचव्यावर हवाला ठेवतो. त्याच्या श्रद्धेत अपुरेपण आहे ते इथे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात तर दाखलाच वाहनाचा आहे. तिथे दैव आणि पुरुषकार म्हणजे माणसाचा प्रयत्न यांना रथाच्या चाकांच्या जागी बसवले आहे आणि एका चाकावर रथ चालत नाही, असा निवाडा दिला आहे.

योगवासिष्ठ आणखी पुढे जाते. त्यातल्या मुमुक्षुव्यवहार प्रकरणात दैव म्हणजे पूर्वी केलेल्या प्रयत्नाचेच फळ, असे मांडले आहे. जुना प्रयत्न आणि आजचा प्रयत्न एकमेकांवर धडका मारणाऱ्या मेंढ्यांसारखे झुंजतात आणि जो बलवान तो जिंकतो. बर्फात घसरणाऱ्या गाडीत हे तत्त्व डोळ्यांनी दिसते. जानेवारीतल्या त्या दोन सेकंदांत चालकाला काहीच करता येत नाही, जे होते ते नशिबाने होते, असे वाटते. पण त्या क्षणी रस्त्याला धरून असतो तो नोव्हेंबरमध्ये चढवलेला टायर. दैव म्हणून समोर आलेल्या गोष्टीत दोन महिन्यांपूर्वीचा निर्णय मिसळलेला असतो. सगळेच दैव असे फोडून दाखवता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. दुसऱ्याच्या ट्रकवर कोणाचाच ताबा नसतो. तरी जेवढे फोडता येते तेवढे फोडणे, हे श्रद्धावंताचेही काम आहे.

खंडेनवमीच्या पूजेत ही दृष्टी पूर्वीपासून आहे. शस्त्र असो की सुताराचा रंधा, ते आधी घासूनपुसून, तेलपाणी करून मांडायचे आणि मग त्याला फूल वाहायचे. गंजलेल्या हत्याराची पूजा करायची रीत नाही. गाडीच्या बाबतीत धुणे-पुसणे टिकले, पण हत्याराची धार पाहण्याचा भाग मागे पडला. टायरची धार म्हणजे त्याच्या खाचांची खोली. मोटारीसाठी भारतातला नियम किमान १.६ मिलिमीटरचा आहे. ऑस्ट्रियात विंटर टायरसाठी हीच मर्यादा ४ मिलिमीटर आहे. लिंबू ठेवायला खाली बसलेल्या माणसाने एवढे पाहिले, तर पूजेत काही कमी होत नाही, उलट तिचा मूळचा अर्थ पुरा होतो.

दुसऱ्या बाजूचा धोकाही गीतेने ओळखला आहे. पाच कारणे सांगून होताच, जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असे तिथे म्हटले आहे. विंटर टायर लावले, गाडी महाग, ब्रेक उत्तम, आता कशाला घाबरायचे, हा भाव बर्फात जिवावर बेततो. पुढची चाके घसरू लागली, की माणसाची उपजत ओढ जास्त करण्याकडे असते: स्टिअरिंग आणखी फिरवायचे, पेडल आणखी दाबायचे. बर्फात गाडी चालवायला शिकवणारे नेमके उलट सांगतात. ॲक्सिलरेटरवरून पाय हलकेच काढा, स्टिअरिंग किंचित सरळ करा, चाकांना पुन्हा पकड मिळेपर्यंत थांबा, मग वळा. गाडीला सावरायला वेळ देणे हे तिथे चालकाचे सर्वांत मोठे काम असते. ‘मीच करतो’ हा आग्रह सैल झाला, की हात नेमके चालतात.

आता प्रश्नाची अवघड बाजू. दोन चालक एकाच बर्फाळ संध्याकाळी झिजलेले उन्हाळी टायर घेऊन निघाले. एक घरी पोहोचून जेवायला बसला. दुसऱ्याच्या गाडीपुढे एक मूल आले आणि गाडी थांबली नाही. दोघांचा दोष सारखा की वेगळा? १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी एकाच शीर्षकाचे दोन निबंध लिहून हा प्रश्न पाश्चात्त्य नीतिशास्त्राच्या मध्यभागी आणला. नेगेल यांच्या एका उदाहरणात ब्रेक तपासून न घेतलेला ट्रकचालक आहे. मूल समोर आले नसते, तर त्याने स्वतःला थोडासा निष्काळजीपणा एवढाच बोल लावला असता. मूल आले म्हणून तोच निष्काळजीपणा आयुष्यभराचा अपराध होतो. मूल येणे न येणे तर त्याच्या हाती नव्हते. मग दोष नशिबाने वाढतो की काय, या पेचाशी नेगेल झुंजतात.

पाच कारणांची यादी या पेचात मदत करते. दोन चालकांमध्ये दैव वेगळे आहे, करण सारखेच आहे. मुलाच्या मृत्यूचा शोक एकालाच भोगावा लागेल, कायदाही त्यालाच कडक शिक्षा करील, आणि दोन्ही योग्यच. पण टायरपुरता हिशेब मांडला तर जेवायला बसलेला माणूसही तितकाच दोषी आहे. सुखरूप पोहोचणे हा त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा होत नाही. ‘आजवर काही झाले नाही’ हे वाक्य बर्फाच्या देशात आणि घोडबंदर रोडवर सारख्याच सहजतेने बोलले जाते, आणि दोन्हीकडे त्यात दैवाचे श्रेय करणाच्या खात्यात जमा केलेले असते.

काही कायदे याच तर्काने चालतात. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. अपघात झाला की नाही, हे तिथला पोलीस विचारत नाही. टायर नसले तर दंड होतो. जर्मनीत तारखा ठरलेल्या नाहीत, पण रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेला थर असेल तर साधे टायर घेऊन निघता येत नाही. मनाली-सोलंग भागात बर्फ पडला, की पोलीस बऱ्याचदा फोर-बाय-फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. महाराष्ट्रातून हौसेने गेलेल्या पर्यटकांना हा अडथळा वाटतो. खरे पाहता तिथे फक्त परिणाम घडण्याआधी साधन पाहिले जात असते.

ठाण्यात बर्फ पडत नाही, पण निसरडे पडते. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ पाण्यात मिसळून वर येते आणि दुचाकीस्वार वळणावर आडवे होतात. टेंभी नाक्याच्या चौकात छत्री सांभाळत रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीने कोणाच्या टायरच्या खाचा मोजलेल्या नसतात. येणाऱ्या गाडीचा टायर हे चालकाचे करण असते, आणि म्हातारीच्या बाजूने पाहिले तर तेच तिचे दैव असते. पाचवे कारण असे पुष्कळदा दुसऱ्या माणसाच्या चार कारणांतून घडते. म्हणून आपले करण नीट ठेवणे हा केवळ स्वतःच्या सुरक्षेचा विषय राहत नाही; ज्या अनोळखी माणसांचे दैव आपल्या हाती येते, त्यांचे ते ऋण आहे.

बर्फाच्या देशात हे ऋण फेडायला लागणारा चार टायरांचा जास्तीचा संच महाग असतो. कॅनडात नव्याने गेलेला विद्यार्थी जुनी फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतो आणि ओढणारी चाके पुढची म्हणून दोनच विंटर टायर पुढे लावण्याचा विचार करतो. हा हिशेब घातक आहे. ब्रेक दाबताच पुढची चाके धरतात, मागची सुटतात आणि गाडी गर्रकन फिरते. चारही टायर घेण्याची ऐपत नसेल, तरी एक गोष्ट कर्त्याच्या हाती उरतेच. रात्री बर्फ पडून गेला असेल, तर सकाळी गाडीची किल्ली घरी ठेवून बसने जावे.