ॲव्हरेज किती देते?

मीटिओर ३५० घरी आणली तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न हाच विचारला. ३५च्या आसपास, म्हटलं. ते गप्प. त्यांची १०० सीसी जवळपास दुप्पट द्यायची. ऑफिस, दळण, माझी शाळा, सगळं तिच्यावरच झालं. १९१ किलोचं हे धूड कशासाठी? पाय पुढे टाकून वाईहून पसरणीचा घाट सावकाश चढायला मजा येते, एवढंच.

गरज नसलेल्या सुखाचा हिशोब द्यायचा का? हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला आहे, आणि ते बाबांनी आधीच भरलंय. त्यांनी वाचवलेल्या पेट्रोलमधूनच माझी फी निघायची.

परवा म्हटलं, तुम्ही चालवा. घाट चढून स्टँड लावत ते म्हणाले, "जड आहे." किल्ली मात्र स्वतःच्याच खिशात टाकली.