चहा घ्यायचा का, दादा?

पहाटे साडेतीनला पुण्याहून निघालेली शेअर टॅक्सी. मुंबईच्या विमानतळावर जाणारे आम्ही चौघं, कुणी कुणाच्या ओळखीचं नाही. मी पुढच्या सीटवर. टोलनाका मागे पडला आणि माझ्या लक्षात आलं की ड्रायव्हरच्या पापण्या जड झाल्यात. मान हळूच खाली यायची, दचकून वर जायची. गाडी पांढऱ्या पट्ट्यावर सरकायची, पुन्हा जागेवर यायची. पुढे घाट होता.

मी काय केलं? घसा खाकरला. काच थोडी खाली केली. मग अगदी सहज सुचल्यासारखं विचारलं, "दादा, चहा घ्यायचा का कुठं?"

"नको साहेब, पुढं ट्रॅफिक लागंल."

"हो, तेही आहेच," मी म्हणालो.

हे 'तेही आहेच' मला अजून टोचतं. मला चहा नको होता, त्याला झोप हवी होती, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण 'तुम्हाला झोप येतेय' असं एखाद्याला तोंडावर कसं सांगायचं? वाईट वाटेल त्याला. मराठीत याला भीड म्हणतात. भीड भिकेची बहीण, असं जुनी माणसं सांगून गेलीत, तरी आपण तिला घरच्या माणसासारखी सांभाळतो. आणि ती फक्त साहेबापुढे वाटते असंही नाही. गाडीचं भाडं मी मोजलेलं, जीव माझा, आणि भीड मलाच.

मागे एका विमान अपघाताच्या चौकशीबद्दल वाचलं होतं, ते तेव्हा आठवलं. नको त्या वेळी नको ते आठवतंच. १३ जानेवारी १९८२, वॉशिंग्टन. बर्फ पडत होता. एअर फ्लोरिडाचं ९० क्रमांकाचं विमान उड्डाणासाठी ताटकळलं होतं. वैमानिक ३४ वर्षांचा, सहवैमानिक ३१ वर्षांचा, म्हणजे जवळजवळ बरोबरीचेच. सहवैमानिकाला बर्फाची काळजी वाटत होती. दुसऱ्या एका विमानाच्या पाठीवर किती बर्फ लटकलाय बघा, असं तो म्हणाला. थोड्या वेळानं, आपण बराच वेळ इथं थांबलोय, पंख पुन्हा एकदा बघू या, असंही म्हणाला. वैमानिकाचं उत्तर साधारण असं, की आता निघूच आपण मिनिटभरात.

विमान धावपट्टीवर धावू लागलं. इंजिनाच्या नळ्यांमध्ये बर्फ साचल्यामुळे काटे खऱ्यापेक्षा जास्त जोर दाखवत होते. सहवैमानिकाला ते खटकलं. हे बरोबर वाटत नाही, तो म्हणाला. बरोबर आहे, वैमानिक म्हणाला. नाही, मला नाही वाटत बरोबर आहे, असं तो पुन्हा म्हणाला. आणि लगेच पुढचं वाक्य: असेलही कदाचित.

माझं 'तेही आहेच' आणि त्याचं 'असेलही कदाचित', दोन्ही एकाच जातीची. विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळलं. विमानातल्या ७९ पैकी ७४ जण गेले आणि पुलावरचे ४. चौकशी अहवालानं दोष सहवैमानिकाच्या माथी मारला नाही. काट्यांकडे लक्ष वेधलं जाऊनही वैमानिकानं उड्डाण थांबवलं नाही, हे अपघाताच्या कारणांत स्पष्ट नोंदवलं. पण ध्वनिमुद्रणातले ते संवाद वाचताना राहून राहून वाटतं, सहवैमानिकाला सगळं दिसत होतं. फक्त 'थांबवा' हा एक शब्द ओठांवर आला नाही.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. डिसेंबर १९७८ मध्ये पोर्टलंडजवळ एक विमान चाकांच्या बिघाडाची खात्री करत तासभर आकाशात घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. १० जण गेले. इंधन किती उरलंय ते आकडे कॉकपिटमध्ये बोलले जात होते, पण ज्या सुरात बोलले जायला हवे होते त्या सुरात नाहीत. त्यानंतर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं शिफारस केली: कॅप्टनना इतरांचं ऐकून घ्यायला शिकवा आणि इतरांना ठामपणे बोलायला. ठामपणाचं प्रशिक्षण मुळात मानसोपचारवाल्यांच्या खोलीतलं. जोसेफ वोल्पी यांनी १९५८ च्या पुस्तकात भित्र्या, दबलेल्या माणसांसाठी ते मांडलं होतं, आणि १९७० मध्ये अल्बर्टी आणि एमन्स या दोघांच्या 'युअर परफेक्ट राइट'नं ते सामान्य वाचकांपर्यंत नेलं.

मराठीत मात्र त्याला नेमका शब्द सापडत नाही. ठामपणा म्हणावं तर हट्टाचा वास येतो. रोखठोक म्हणावं तर पुणेरी पाट्या डोळ्यांपुढे येतात. आपल्याकडे माणूस एक तर भिडस्त नाही तर फटकळ. मधल्या जागेत कुणी फारसं राहत नाही. शिवाय परदेशी पुस्तकातली युक्ती इथं लागू पडेलच असं नाही. आपलं म्हणणं शांतपणे, न चिडता, तेच ते पुन्हा सांगत राहायचं, असं ही पुस्तकं शिकवतात. पंगतीत पुरणपोळी वाढणाऱ्या मावशी हेच तर करतात: एकच घ्या, एकच घ्या हो. तिथं आपला पहिला नको हा नको धरलाच जात नाही, दुसरा भिडेचा मानतात, तिसऱ्यावर वाढणारी ताटाकडे बघते आणि चौथ्याला आपण ताटावर हात आडवा धरतो. ज्या समाजात नकार चौथ्या वेळी मोजायला सुरुवात होते, तिथं पहिल्याच वाक्यात 'नाही' म्हणणारा उद्धट ठरला तर नवल काय?

गाडी पुन्हा पट्ट्यावर गेली. इतक्यात मागून आवाज आला. साठीच्या काकू होत्या, मांडीवर पर्स धरून बसलेल्या.

"दादा, तुम्हाला झोप येतेय. दोनदा गाडी पट्ट्यावर गेली. मला भीती वाटतेय. पुढच्या पेट्रोलपंपावर घ्या, वीस मिनिटं डोळे मिटा. आम्ही थांबतो. चालेल ना?"

आवाज चढलेला नव्हता, पण खाली उतरलेलाही नव्हता. ड्रायव्हरनं आरशात एकदा पाहिलं. "चालंल, मावशी."

पंपावर तो सीट मागे करून क्षणात घोरायला लागला. आम्ही बाहेर थंडीत उभे. काकू म्हणाल्या, "तीस वर्षं ओटीत सिस्टर होते." पोट शिवण्याआधी मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडी तुकडे, मोजायचे, ते त्यांचं काम. एकदा एक कमी भरला. मोठे सर्जन, घाईत. त्यांनी सुई हातात घेतलेली. "पहिल्यांदा बोलताना पाय लटपटत होते माझे. पण म्हटलं, सर, एक मॉप कमी आहे, शिवू नका, मी पुन्हा मोजते."

"मग?"

"मग काय, रागावले. आणि मग थांबले. आतच होता."

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासयादी काढली, तिच्यात कातडीला सुरी लागण्याआधी टीममधल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं असतं. नाव सांगण्यात काय मोठंसं, असं मला वाटायचं. पण एकदा ज्यानं तोंड उघडलंय, त्याला पुढे 'थांबा' म्हणणं सोपं जातं. भीड चेपते. मराठीनं हा शब्द किती विचारानं निवडलाय. भीड तोडायची नसते, फेकायची नसते, नवी चप्पल घालून घालून पायाला बसते तशी ती वापरून वापरून चेपायची असते. काकूंची ओटीत चेपली होती. माझी कुठं चेपायची, बँकेत, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये? सगळीकडे मी 'तेही आहेच' म्हणतच वाढलो.

आणि काकूंच्या बोलण्यात त्या माणसाची काळजी किती होती. वीस मिनिटं, आम्ही थांबतो, चालेल ना. मी त्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलो होतो, असं मला वाटत होतं. खरं तर त्याच्याकडे मी नीट पाहिलंही नव्हतं. पोरगेला होता, पंचविशीचा असेल नसेल. आदल्या दिवशीही दोन फेऱ्या मारून आलेला, असं तो नंतर म्हणाला.

पंचवीस मिनिटांनी तो उठला, नळावर तोंड धुतलं, शर्टाच्या बाहीला पुसलं. डोळे आता माणसासारखे दिसत होते. टपरीकडे बोट करत मला म्हणाला, "साहेब, मघाशी म्हणत होता ना, घ्यायचा का चहा?"

पहाटेचा चहा मला चालत नाही, पित्त उसळतं.

"घेऊ की," मी म्हणालो.