भार घेतलेली रेषा

फरशीवर दोन मीटर ब्राउन पेपर पसरा. चारही कोपऱ्यांवर वजने ठेवा. सायकलच्या फ्रेमची नळी कापायची घाई आज नाही. आज फक्त रेषा काढायच्या, खऱ्या मापाच्या. शेजारी मांडी घालून बसा. श्वास संथ होऊ द्या.

आधी जमिनीची रेषा. तिच्यावर 29 इंची दोन चाके काढा. टायरसकट त्रिज्या सुमारे 370 मिलिमीटर.

आता डोळे मिटा. ज्या सायकलीवर तुमचे अंग निर्धास्त असते, ती आठवा. उतारावर हात कुठे होते? पाय कुठे होते? उठून तिची मापे घ्या आणि कागदावर उतरवा. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी ‘ब्रीझर’ फ्रेम घडवायला घेतली, तेव्हा त्यांनीही मित्रांसोबत उतारांवर पिटाळलेल्या जुन्या श्विन सायकलींची ठेवण समोर ठेवली होती. अंगाला पटलेले माप हाताशी असले, की नवा कोन धिटाईने काढता येतो.

मग पुढचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा फोर्क. तो फ्रेमच्या पुढच्या नळीत, हेडट्यूबमध्ये, बसतो. हेडट्यूबची मध्यरेषा खाली वाढवत जमिनीपर्यंत न्या. ती टेकते तो एक बिंदू. त्याच्या मागे टायर टेकतो तो दुसरा. मधले अंतर म्हणजे ट्रेल. तेवढ्या अंतराने चाक मागून ओढले जाते, म्हणून ते सरळ राहू पाहते. चिमट्याचा ऑफसेट, म्हणजे त्या मध्यरेषेपासून चाकाच्या आसाचे अंतर, 44 मिलिमीटर धरला, तर हेडट्यूब जमिनीशी 71 अंशांवर असताना ट्रेल सुमारे 81 मिलिमीटर येतो. 66 अंशांवर सुमारे 117.

इथे थांबा. पाच अंशांत सायकलीचा स्वभाव पालटला. खड्या उतारावर निश्चल राहणारे हेच चाक चढावरच्या संथ, अरुंद वळणात भरकटू लागते. तुमच्या रोजच्या वाटेवर काय जास्त आहे? ती वाट मनात एकदा पूर्ण चाला. तोवर पेन्सिल टेकवू नका.

आता लाल पेन्सिल घ्या. आतापर्यंत कागदावर काढलेली काळी सायकल अजून बिनभाराची, जणू भिंतीला टेकून उभी आहे. मनाने तिच्यावर बसा. 120 मिलिमीटरचा सस्पेन्शन चिमटा तुमच्या वजनाने 30 मिलिमीटर दबतो. मागे सस्पेन्शन नाही, म्हणून सगळी फ्रेम पुढे कलते. हेडट्यूबचा कोन साधारण सव्वा अंशाने वाढतो, सीटट्यूबचाही तेवढाच. क्रँक जिथे बसतो तो बॉटम ब्रॅकेट सेंटिमीटरभर खाली येतो: 310 मिलिमीटरवरून 300 वर. 170 मिलिमीटरचा क्रँक खाली गेला, की पेडलचा आस जमिनीपासून फक्त 130 वर. वाटेतला तो नेहमीचा दगड आठवा. पेडल त्याच्यावरून जाईल का?

ही दबलेली फ्रेम लाल रेषेने काढा. तुम्ही चालवणार ती हीच. काळी सायकल कोणीच चालवत नाही.

म्हणून उलट्या क्रमाने या. वाटेवर 66 अंश हवे असतील, तर फ्रेम पावणेपासष्ट अंशांना बांधा. पेडलखाली आणखी जागा हवी असेल, तर बॉटम ब्रॅकेट आत्ताच उचला. झाळ बसल्यावर तो उचलता येणार नाही.

कागद रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी एकेका कोनापाशी बोट ठेवा आणि विचारा: माझा भार आल्यावर तू कुठे असशील? उत्तर सांगता आले, की तिथे खूण करा. सगळ्या खुणा झाल्यावर नळीला करवत लावा.