ठिणगी आणि ज्योत

देवाचे प्रेम अनुभवल्याचे प्रार्थनेत सांगणे सोपे; त्याची कसोटी लागते ती घरातल्या बोलण्यात. बायबलमधील याकोबाच्या पत्रात जिभेला रान पेटवणाऱ्या ठिणगीची उपमा दिली आहे. १८९५ साली ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक थोर भक्त, पण शीघ्रकोपी. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्यांची माया आणि त्यांचा राग दोन्ही मोकळेपणाने सांगितले आहेत. भक्तीने स्वभाव एका दिवसात पालटत नाही, हेच खरे. पण उणिवांसकट देवाने आपल्याला जवळ केले, हे ज्याला मनोमन पटले, त्याला दुसऱ्याला शब्दांनी नमवण्याची गरज उरत नाही. तो खरे तेच बोलतो, पण समोरच्याचे मन राखून. रान जाळणारी ठिणगीच उंबरठ्यावरची पणतीही लावते.