सोळा शतांश सेकंद

इंडियानापोलिस ५०० ही शर्यत प्रत्यक्ष हजर राहून अख्खी कुणीच पाहू शकत नाही. ट्रॅक अडीच मैलांचा, म्हणजे चार किलोमीटरचा. गोलाकार कोपऱ्यांचा लांबट आयत: दोन लांब बाजू, दोन आखूड, चार वळणं. सभोवती अडीच लाखांच्या घरात माणसं बसलेली. पहिल्या वळणावर बसलेल्याला तिसरं वळण दिसत नाही. मधे झाडं आहेत, इमारती आहेत, गोल्फचं मैदानसुद्धा आहे. डोळ्यांसमोरून गाड्या जातात, आवाज कानशिलावर आदळतो आणि मग पुढचं पाऊण मिनिट काय चाललंय ते कळत नाही. अशा दोनशे फेऱ्या. त्यामुळे इथल्या जुन्या शौकिनांच्या तोंडून एखादी शर्यत ऐकायची, तर आधी विचारून घ्यावं लागतं, "तुम्ही कुठे बसला होतात?"

मला हे उशिरा उमगलं. पुण्यात किर्लोस्कर कमिन्समध्ये नोकरी केलेल्या आमच्या पिढीला इंडियाना राज्यातलं कोलंबस हे गाव ऐकून माहीत असायचं, कारण मूळ कंपनी तिथली. नव्वदच्या दशकात मी तिथे राहायला गेलो. गाव शांत, रस्ते रुंद, भोवती मक्याची आणि सोयाबीनची शेतं. पण मे महिना लागला की कारखान्याच्या कँटीनमध्ये दुसरा विषय नाही. कंपनीचं शर्यतीशी नातंही जुनं. १९३१ साली कमिन्सची डिझेल गाडी एकदाही न थांबता पाचशे मैल धावून तेरावी आली होती. १९५२ साली फ्रेड अ‍ॅगाबाशियनने कमिन्स डिझेलमध्येच पात्रता फेरीत सुरुवातीची पहिली जागा पटकावली. पुढे शर्यतीत ट्रॅकवरच्या रबराच्या कचऱ्याने टर्बोचार्जर तुंबला आणि गाडी बाद झाली. इंजिनवाल्या माणसाला एवढं पुरेसं होतं. मीही जाऊ लागलो, आणि शर्यतीपेक्षा माझ्या आजूबाजूला बसणारी माणसं मला जास्त आवडू लागली.

यांची तिकिटं पिढीजात असतात. वडिलांच्या जागेवर मुलगा बसतो, आजीच्या जागेवर नात. दोन पिढ्यांनी शेजारी बसून एकमेकांची मुलंबाळं मोठी होताना पाहिलेली असतात. पावसामुळे खोळंबा झाला की हमखास कुणीतरी विषय काढतो: ३० मे १९८२.

त्या शर्यतीची सुरुवातच वाईट झाली. पहिल्या रांगेत रिक मिअर्स, केव्हिन कोगन आणि ए. जे. फॉइट. हिरवा झेंडा पडायच्या बेतात असताना मधल्या कोगनची गाडी एकाएकी उजवीकडे वळली, फॉइटला घासली, मग मागून येणाऱ्या मारिओ आंद्रेत्तीवर आदळली. मागेही गाड्या एकमेकींवर गेल्या. शर्यत थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. मधल्या फेऱ्या कुणी फारशा सांगत नाही, मीही सांगत नाही.

खरी गोष्ट शेवटच्या सतरा-अठरा फेऱ्यांची आहे. आघाडीवर दोघेच: तिशीतला मिअर्स आणि पंचेचाळिशीचा गॉर्डन जॉनकॉक. दोघांनाही इंधनासाठी एकदा थांबणं भाग होतं. त्या वेळी या गाड्या मेथनॉलवर धावत आणि एका गॅलनमध्ये दोन मैलही जात नसत, त्यामुळे कधी थांबायचं आणि किती भरायचं हा हिशेब चालवण्याइतकाच महत्त्वाचा होता. मिअर्स आधी पिटमध्ये, म्हणजे इंधन भरायच्या थांब्यावर आला. पिटच्या तोंडाशी त्याच्यापुढे हर्म जॉन्सनची गाडी आली, वेग कमी करावा लागला. मग त्याच्या माणसांनी गरजेपेक्षा जास्त इंधन भरलं. जॉनकॉक काही फेऱ्यांनी थांबला आणि शेवटपर्यंत पुरेल एवढंच घेऊन सुटला. सगळं स्थिरस्थावर झालं तेव्हा त्याच्याकडे अकराएक सेकंदांची आघाडी होती. एरवी शर्यत इथेच संपते.

पण जॉनकॉकची गाडी बिघडत चालली होती. वळणात पुढची चाकं पकड सोडून बाहेरच्या भिंतीकडे सरकत होती. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग आणि स्टिअरिंग वळवलं तरी गाडी पुरेशी वळत नाही, अशी ती अवस्था. गाडी भिंतीला लागू द्यायची नसेल तर प्रत्येक वळणात किंचित पाय उचलायचा. मिअर्सची गाडी मात्र उत्तम होती. फेरीला जवळजवळ एक सेकंद या हिशेबाने तो जवळ येत राहिला. उरलेल्या फेऱ्या आणि उरलेले सेकंद यांचे आकडे एकमेकांना भिडायला लागले, आणि ही बेरीज-वजाबाकी स्टँडमधला प्रत्येक माणूस मनातल्या मनात करत होता.

इथे सांगणाऱ्याच्या जागेचा प्रश्न येतो. कमिन्समधून निवृत्त झालेले एक मशिनिस्ट आजोबा तेव्हा सुरुवातीच्या रेषेसमोर बसले होते. त्यांनी पाहिलं ते असं: जॉनकॉक जातो, मग रिकामा रस्ता, मग मिअर्स. पुढच्या खेपेला तो रिकामा रस्ता थोडा आखूड. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी आखूड. पाठलाग म्हणून त्यांना सलग काही दिसलंच नाही. त्यांनी पाहिलं ते दोन गाड्यांमधलं डांबर कमी होत जाताना. शेवटची फेरी सुरू होण्याचा पांढरा झेंडा फडकला तेव्हा त्यांच्यासमोर दोन्ही गाड्या जवळजवळ बरोबरीत होत्या. तेवढ्यात त्या पहिल्या वळणाकडे निघून गेल्या.

पुढचं त्यांना दिसलं नाही. ते दिसलं पहिल्या वळणावरच्या लोकांना. वळणात शिरताना जॉनकॉकने आपली रेषा सोडली नाही, आणि मिअर्सला पाय काढावा लागला. या ट्रॅकवर एकदा गेलेला वेग लगेच परत मिळत नाही. तो पुढच्या सरळ रस्त्यावर थोडा थोडा जमवावा लागतो. पहिल्या वळणावरचे लोक आजही सांगतात की शर्यत तिथेच जिंकली गेली. ही त्यांची जागा बोलते, पण मला वाटतं ते बरोबर आहेत.

चौथ्या वळणावरची माणसं हे मान्य करत नाहीत. त्यांच्याकडे दोन्ही गाड्या परत आल्या तेव्हा मिअर्स पुन्हा जॉनकॉकच्या मागे चिकटलेला होता आणि समोर शेवटचा सरळ रस्ता उरला होता. तिथल्या एका बाईंनी मला त्या वर्षीचा कार्यक्रमपत्रक-अंक दाखवला होता. आतल्या कोऱ्या पानावर त्यांनी स्वतः पेन्सिलीने रेघा मारून तक्ता केला होता: डावीकडे फेरीचा आकडा, उजवीकडे पहिल्या पाच गाड्यांचे क्रमांक. अक्षर बारीक, सरळ, हिशेबाच्या वहीतल्यासारखं. पिट स्टॉपच्या वेळी क्रमांकाभोवती छोटं वर्तुळ. पानाचा कोपरा तेलकट झालेला. दुपारचं तळलेलं कोंबडीचं जेवण तिथेच उरकल्याची खूण. शेवटच्या काही ओळींपुढे मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं. "सगळे उभे राहिले होते," त्या म्हणाल्या, "मग पेन्सिल कुठे गेली कोण जाणे."

रेषेवर फरक पडला ०.१६ सेकंदांचा. त्या वेगाला हा फरक साधारण पंधरा मीटर भरतो, गाडीच्या तीन लांबींएवढा. पाचशे मैलांनंतर एवढंच. या शर्यतीच्या इतिहासात तोवर इतक्या कमी फरकाने कुणी जिंकलं नव्हतं.

घरच्या लग्नात स्वयंपाकघरात अडकलेली मावशी, मांडवात बसलेले काका आणि दाराशी पाहुण्यांचं स्वागत करणारा भाऊ पुढे कितीतरी वर्षं एकत्र बसून ते लग्न पुरं करत राहतात, तशी ही माणसं १९८२ पुरं करत असतात. कुणाच्याही एकट्याच्या आठवणीत ती शर्यत मावलेली नाही. त्यामुळे यांच्या गप्पांत मोठेपणा मिरवणं कमी आणि विचारपूस जास्त असते. "तुझ्याकडून काय दिसलं?" हा प्रश्न तिथे मनापासून विचारला जातो.

आणि एक गट असा, की ज्याने त्या दिवशी काहीच पाहिलं नव्हतं. तो गट सर्वांत मोठा. १९८६ पर्यंत ही शर्यत दूरदर्शनवर पूर्ण थेट दाखवली जात नसे. १९८२ साली एबीसी वाहिनीने ती त्याच रात्री, निकाल लागून गेल्यावर, दाखवली. दुपारी होता तो रेडिओ. मध्यभागी पॉल पेज आणि ट्रॅकवर जागोजागी उभे केलेले निवेदक. गाड्या आपल्या टप्प्यातून गेल्या की एक निवेदक पुढच्याकडे सूत्र सोपवणार, तो त्याच्या पुढच्याकडे. गॅरेजमध्ये, परसात मांस भाजताना, शेतातल्या ट्रॅक्टरवर, हायवेवर गाडी बाजूला घेऊन माणसं ऐकत होती. स्टँडमध्ये बसलेले कित्येकही कानाला ट्रान्झिस्टर लावून होते. जरा विचार केला तर ही शर्यत सलग, एकही वळण न गाळता, फक्त रेडिओवर घडली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांनाच ती पूर्ण मिळाली.

बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ऐकत क्रिकेट शिकलेल्या माझ्यासारख्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मैदान न पाहता चेंडू कुठे गेला ते आम्हाला दिसायचं. कोलंबसमधला एखादा म्हातारा जॉनकॉकची शेवटची फेरी सांगताना डोळे मिटतो, तेव्हा तो काय करतोय ते मला नेमकं कळतं.

आठवणीत सगळ्यांना सारखा न्याय मिळत नाही, हेही मी या माणसांत बसून पाहिलं. केव्हिन कोगनची गाडी का वळली याचं सर्वांना पटेल असं उत्तर कधी मिळालं नाही. पुढे १९८६ साली तो जिंकता जिंकता राहिला. शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या असताना बॉबी रेहॉलने त्याला मागे टाकलं. तरी त्याचं नाव निघालं की लोकांना १९८२ च्या सुरुवातीचे ते काही सेकंदच आठवतात. चांगल्या चालकाला एका क्षणावर तोलणं मला पटत नाही, आणि हे मी तिथेही बोलून दाखवलं आहे.

गॉर्डन स्मायलीचं नाव तर फार कमी वेळा निघतं. त्याच महिन्याच्या १५ तारखेला पात्रता फेरीत तिसऱ्या वळणावरच्या भिंतीवर गाडी आदळून तो जागीच गेला. १९८२ ची गोष्ट रंगून सांगताना हा मृत्यू बाजूला राहतो. आनंदाच्या दिवसाची आठवण स्वच्छ ठेवायची माणसाची ओढ मी समजू शकतो. पण जे लोक सांगायला बसतात त्यांनी त्याचं नाव घ्यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. कारण शेवटच्या फेरीत वळण न सोडणाऱ्या जॉनकॉकलाही ती भिंत काय करते ते ठाऊक होतं.

किंबहुना त्याच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. १९७३ साली तो पहिल्यांदा इंडियानापोलिसला जिंकला, ती शर्यत कुणाला आठवायला नको असते. सुरुवातीलाच मोठा अपघात, त्यात जळतं इंधन उडून प्रेक्षक भाजले. मग पावसाने दोन दिवस गेले. शेवटी शर्यत झाली तर जॉनकॉकच्याच संघातला स्वीड सॅव्हेज भयंकर अपघातात सापडला आणि महिन्याभराने गेला. त्या अपघाताकडे धावलेला आर्मांडो टेरान हा तरुण मदतनीस मदतीच्याच गाडीखाली येऊन मरण पावला. पावसाने १३३ फेऱ्यांवर शर्यत संपवली. विजयाची मेजवानी रद्द झाली. १९७७ साली तो बहुतेक शर्यत आघाडीवर राहिला, पण शेवटी इंजिनाने दगा दिला. उन्हाने आणि थकव्याने बेजार झालेल्या जॉनकॉकने गाडीतून उतरून मैदानातल्या ओढ्यात उडी मारली. हे सगळं मागे ठेवून पंचेचाळिशीतला माणूस बिघडत चाललेली गाडी घेऊन त्या शेवटच्या बाराएक फेऱ्या चालला. जुने लोक त्याच्यासाठी उभे राहिले, त्यामागे नऊ वर्षांचा हिशेब होता.

मिअर्सबद्दल कुणी वाईट बोलताना मी ऐकलेलं नाही. तो १९७९ ला जिंकला होता, पुढे १९८४, १९८८ आणि १९९१ ला जिंकला; चार वेळा जिंकणाऱ्या मोजक्या चालकांत त्याचं नाव आहे. तरीही कितीतरी शौकिनांना तो सर्वांत जवळचा वाटतो तो हरलेल्या शर्यतीमुळे. पहिल्या वळणात त्याने गाडी रेटली असती तर बहुधा दोघेही भिंतीत गेले असते. त्याने पाय काढला, फेरी पुरी केली, पुन्हा गाठलं आणि पंधरा मीटरने हरला.

तरुण मंडळी १९९२ चा दाखला देतात. त्या वर्षी थंडीने टायर तापत नव्हते, गाड्या पटापट बाद होत होत्या, मायकेल आंद्रेत्ती १६० फेऱ्या आघाडीवर राहून शेवटच्या टप्प्यात थांबला, आणि अल अन्सर ज्युनियरने सर्वांत मागून सुरुवात केलेल्या स्कॉट गुडइयरला अवघ्या ०.०४३ सेकंदांनी हरवलं. आकडा १९८२ पेक्षा खूपच लहान. पण १९९२ मधला शेवट अचानक आला. १९८२ चा शेवट लाखो माणसांनी बारा फेऱ्या आधीपासून येताना पाहिला, ऐकला, मोजला. माझं मत विचाराल तर मोठी शर्यत १९८२ चीच.

तिचं जुनं ध्वनिमुद्रण आणि चित्रण दोन्ही आज सहज मिळतं. शर्यतीत रस नसला तरी शेवटच्या बारा-पंधरा फेऱ्या एकदा ऐकाच. आधी रेडिओवरचं वर्णन ऐका, चित्र न लावता, हातात घड्याळ घेऊन. चित्र नंतर बघा.