मागे पडलेले घड्याळ

ज्याचे घड्याळ मागे पडले आहे, तो उशिरा पोहोचला तर दोष कुणाचा? घड्याळाचा की माणसाचा? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला ‘प्रमादी सदसद्विवेकबुद्धी’ हा विषय शिकताना जे मला नीटसे उमगले नव्हते, ते पुढे एका जुन्या मोटारगाडीने मला शिकवले.

२००८ सालच्या उन्हाळ्यात जर्मनीमध्ये, माइन नदीच्या परिसरातील एका लहान धर्मग्रामात मी सहा आठवडे बदली धर्मगुरू म्हणून होतो. धर्मग्रामाची गाडी वीस वर्षांची होती. इंजिन उत्तम, मात्र चालकासमोरचे घड्याळ दर आठवड्याला काही मिनिटे मागे पडे. पहिल्याच आठवड्यात हे माझ्या ध्यानात आले होते. ‘उद्या लावू’ म्हणत मी ते तसेच राहू दिले. मनगटी घड्याळ बांधण्याची मला सवय नाही.

एके दिवशी एका वृद्ध बाईंच्या मुलीचा निरोप आला. आई थकत चालली आहे, पण शुद्धीवर आहे. पाच वाजता सारी भावंडे जमतील, तेव्हा रुग्णाभ्यंगासाठी यावे. त्या दुपारी मी दुसऱ्या एका घरी कॉफीला बसलो होतो. निरोप घेऊन गाडीत बसलो आणि चर्चच्या मनोऱ्यातून पाचचे टोले पडले. समोरच्या घड्याळात मात्र पाचला बारा मिनिटे कमी होती. माझ्यापुढे दोन साक्षीदार उभे होते. मला सोयीचा तो मी निवडला. वाटेत थांबून पेट्रोलही भरले. पोहोचलो तेव्हा आई सात मिनिटांपूर्वीच देवाघरी गेली होती.

“गाडीचे घड्याळ मागे आहे,” मी म्हणालो. वाक्य शब्दशः खरे होते. मुलगी काहीच बोलली नाही. तिने माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

पुढच्या आठवड्यात धर्मग्रामातील एक निवृत्त रेडिओ तंत्रज्ञ माझ्याकडे आले. “फादर, या गाडीला रेडिओवर चालणारे घड्याळ बसवू या,” ते म्हणाले. त्यांच्याकडून मला कळले, ते असे. फ्रँकफर्टच्या आग्नेयेस माइनफ्लिंगेन येथे एक प्रक्षेपण केंद्र आहे. १९५९ पासून ते ७७.५ किलोहर्ट्झवर लहरी सोडत आहे, आणि १९७३ पासून त्या लहरींतून तारीख व वेळही कळवली जाते. या वेळेची जबाबदारी ब्राउनश्वाइग येथील राष्ट्रीय मापनसंस्थेकडे असून तिचा आधार सिझियमच्या अणुघड्याळांचा आहे. दर सेकंदाच्या आरंभी लहरीचा जोर क्षणभर कमी होतो. एक दशांश सेकंद कमी झाला तर शून्य, दोन दशांश झाला तर एक. अशा खुणांनी मिनिटभरात येत्या मिनिटाची वेळ सांगितली जाते. शेवटच्या सेकंदाला मात्र खूण नसते. त्या निःशब्दतेवरूनच ग्राहकयंत्र ओळखते की आता नवे मिनिट सुरू होणार.

यंत्र लहानसे होते: बोटाएवढी फेराइटची कांडी, तिच्यावर बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. पण ते बसवणे सोपे नव्हते. डॅशबोर्डखाली ठेवले तर गाडीचा पोलादी सांगाडा लहरींना अडवी. इंजिनाजवळ ठेवले तर ठिणग्यांच्या विद्युत गोंगाटात संदेश हरवे. शेवटी मागच्या प्लॅस्टिकच्या बंपरच्या आत त्याला जागा मिळाली. तरीही गाडी धावत असताना त्याला क्वचितच काही नीट ऐकू येई. “ते रात्री ऐकेल,” तंत्रज्ञ म्हणाले, “गाडी उभी असेल आणि इंजिन बंद असेल तेव्हा. दिवसभर मग आपल्या क्वार्ट्‌झवर चालेल.” खरोखर, दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ आणि मनोरा यांचे एकमत झाले होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’च्या दुसऱ्या भागाच्या पूर्वार्धात, १९ व्या प्रश्नात, याचा विचार केला आहे. त्यांचे उत्तर दुहेरी आहे. विवेकबुद्धी चुकत असली, तरी तिच्याविरुद्ध वागणे हे पाप होय. कारण जे मला वाईट वाटते ते करण्यात माझी इच्छा वाईटाकडेच वळलेली असते. परंतु तिच्याप्रमाणे वागलो एवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. माझे अज्ञान मी स्वतः ओढवून घेतले असेल, जाणून घेण्यात हयगय केली असेल, तर ते अज्ञान मला वाचवू शकत नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात हाच भेद केला: अटळ अज्ञानाने चुकणाऱ्या विवेकाची प्रतिष्ठा ढळत नाही, सत्य शोधण्याची पर्वाच न करणाऱ्याला मात्र हा आधार घेता येत नाही.

आज आपल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येते: “माझी सदसद्विवेकबुद्धी मला टोचत नाही.” जमिनीच्या वाटणीत बहिणीचा हिस्सा बुडवणारा हेच म्हणतो, कामगाराची मजुरी अडवणाराही हेच म्हणतो. त्याचे म्हणणे कदाचित खरेही असेल. पण टोचत नाही याचा अर्थ एवढाच, की त्याचे घड्याळ काहीतरी वेळ दाखवत आहे. ते शेवटचे कधी जुळवले, हा खरा प्रश्न आहे. विवेक हे ग्राहकयंत्र आहे, प्रक्षेपण केंद्र नव्हे. तो सत्य निर्माण करीत नाही, ते स्वीकारतो. आणि तेही गोंगाटात नव्हे. होरेब पर्वतावर वारा, भूकंप आणि अग्नी येऊन गेल्यावर एलिया संदेष्ट्याला मंद स्वरात परमेश्वर भेटला, हे आपल्याला ठाऊक आहे.

अर्थात हा दृष्टान्त एका ठिकाणी अपुरा पडतो. संदेश नीट मिळाला की घड्याळाला तो नाकारता येत नाही, माणसाला येतो. मला त्या दिवशी मनोऱ्याचे टोले स्पष्ट ऐकू आले होते. माझ्यापाशी उणीव होती ती ऐकू येण्याची नव्हे, ऐकून घेण्याची.

परत निघण्यापूर्वीच्या रविवारी मिस्सानंतर मी त्या मुलीला गाठले. घड्याळ मागे होते हे खरे, पण ते मला माहीत होते आणि घंटाही मी ऐकली होती, हे तिला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “घंटा आम्हीही ऐकली, फादर. आई म्हणाली, आता फादर येतील.”

तिने मला क्षमा केली. पण ते वाक्य माझ्याजवळ राहिले आहे. माइनफ्लिंगेनच्या लहरी सुमारे दोन हजार किलोमीटरपर्यंत पोहोचतात. वसईपर्यंत त्या येत नाहीत. येथे आपल्याला दुसरा उपाय आहे. रात्री दिवे मालवण्यापूर्वी, दिवसभराचे इंजिन बंद झाल्यावर, पाच मिनिटे विवेकपरीक्षणासाठी बसावे. आज कोणता टोला ऐकूनही मी सोयीच्या घड्याळाकडे पाहिले, एवढेच स्वतःला विचारावे. कारण आपण वेळेवर येऊ, या भरवशावर कुणीतरी आपली वाट पाहत असते.